घरी आलेले पाऊल

रत्नागिरी शहरातून दक्षिणेकडे निघाले की खाडीवरचा लांब पूल लागतो. डाव्या हाताला काजळी नदीचे संथ पाणी, उजव्या हाताला ती नदी समुद्राला मिळते ते मुख, आणि पलीकडे भाट्ये. सुरूचे बन, सपाट वाळूचा किनारा, झरी विनायकाचे देऊळ, नारळ संशोधन केंद्रातले माड. मुंबई-पुण्याचा पाहुणा इथे तास-दोन तास रमतो, शहाळे पितो, मावळता सूर्य पाहतो आणि पावसच्या रस्त्याला लागतो. पूल होण्यापूर्वी इथे तरीतून यावे लागे. आता मोटार दोन मिनिटांत पलीकडे आणून सोडते.

पण वाचकहो, गाव पाहायला येणे वेगळे आणि गावात राहायला येणे वेगळे! जो बिऱ्हाड घेऊन येतो त्याच्या वाटेत आणखी एक खाडी असते. तिच्यावर सरकार पूल बांधून देत नाही. तो आधीपासून तिथे राहणाऱ्या माणसांनाच बांधावा लागतो.

हा पूल कसा बांधतात ते सांगण्यासाठी मी आज एक उदाहरण घेणार आहे, आणि ते ख्रिस्ती मंडळीचे आहे. दिवाळीच्या अंकात चर्चची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण फराळाचे ताट रुमालाने झाकून शेजारच्या घरी पोचवण्याचा सण तो दिवाळीचा. परक्या दारात आपण होऊन जाणे ही काय चीज आहे, ते या दिवसांत जितके उमगते तितके एरवी उमगत नाही.

पहिला रविवार आणि चौथा रविवार

समजा, एक कुटुंब आहे. कल्पनेतलेच, पण अशी कुटुंबे आपल्या ओळखीत दोन-चार तरी असतातच. गृहस्थ बँकेत, बदली रत्नागिरीला झालेली. पत्नी, दोन मुले, म्हातारी आई. मूळचे नगरचे, म्हणजे २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या गावचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. शहरात भाडे परवडेना म्हणून भाट्याला जागा घेतली. जून महिना. कोकणातला पाऊस म्हणजे काय, हे नगरच्या माणसाला कोणी सांगितले तरी खरे वाटत नाही. तो अंगावर पडला म्हणजेच कळते.

पहिल्या रविवारी सारे जण पूल ओलांडून शहरातल्या चर्चमध्ये गेले. दारात दोघांनी हसून स्वागत केले. उपासना संपल्यावर पाळकांनी हात हातात घेऊन विचारपूस केली. गृहस्थांनी जुन्या मंडळीचे पत्र पुढे केले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही पद्धत आहे: माणूस गाव बदलतो तेव्हा आपल्या सभासदत्वाचे पत्र बरोबर घेऊन जातो. पत्र वाचले गेले, चहा झाला, "पुन्हा या हं!" झाले. मंडळी खुशीत घरी आली.

दुसऱ्या रविवारी हसू तेवढेच होते, पण बोलणे दोन मिनिटांचे. तिसऱ्या रविवारी ज्याचे त्याचे घोळके ज्याचे त्याचे विषय बोलत उभे होते. आपल्या सूनबाई छत्री मिटत-उघडत दाराशी थांबल्या. कोणी वाईट वागले नाही. कोणी काहीच वागले नाही, एवढेच! चौथ्या रविवारी म्हातारीला ताप भरला. पाऊस कोसळत होता. कोणीच गेले नाही.

इथे गोष्टीला दोन वाटा फुटतात.

एका वाटेने असे होते की पाचवा रविवारही चुकतो, सहावाही. मग घरात म्हणायला लागतात, "इथली माणसं जरा तुटकच." वर्षभराने पुन्हा बदली होते आणि ते कुटुंब भाट्याची आठवण म्हणून फक्त समुद्र घेऊन जाते.

दुसऱ्या वाटेने असे होते की सोमवारी संध्याकाळी दार वाजते. रेनकोटातून पाणी निथळणारे एक वयस्क गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर एक निवृत्त शिक्षिका.

"काल दिसला नाहीत. तिसऱ्या बाकावर आजी बसतात ना, ती जागा रिकामी होती. म्हटलं, बघून यावं."

"या, या! अहो, एवढ्या पावसात कशाला त्रास घेतलात?"

"पावसाचं काय, तो चार महिने आहेच. आजी, ताप किती आहे? डॉक्टर कुठला केलात, वहिनी?"

पुढचा अर्धा तास धर्माचा शब्द नाही. कोणता डॉक्टर रात्री फोन उचलतो, कपडे वाळत नाहीत त्याला उपाय काय, मुलांना शाळेची बस कुठे मिळते, मासळी कोणत्या वेळी ताजी असते, याच गोष्टी. उठताना म्हातारीनेच म्हटले, "एवढं आलात, तर प्रार्थना करून जा, बाई." तेव्हा कुठे बाईंनी डोळे मिटले.

नीट पाहा. पहिल्या रविवारच्या स्वागतात उणे काहीच नव्हते. पण आलेला माणूस दिसायला डोळे पुरतात. न आलेला माणूस दिसायला आठवण लागते. तिसऱ्या बाकावर कोण बसते हे कोणीतरी लक्षात ठेवले होते, म्हणून ते पाऊल पूल ओलांडून आले.

आधी घर, मग चर्च

ही रीत काही आजची नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. बुटका माणूस, गर्दीत दिसेना म्हणून झाडावर चढून बसलेला. गावाने ओवाळून टाकलेला, कारण परक्या सरकारसाठी कर गोळा करणारा. येशूने त्याला उपदेश करण्याआधी सांगितले ते हे, की आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. लोक कुरकुरले. पण त्या एका भेटीने जक्कय बदलला.

पुढे कित्येक पिढ्या ख्रिस्ती लोकांना स्वतःच्या अशा मोठ्या इमारती नव्हत्या. उपासना कोणाच्या तरी घरी चाले. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपस या जुन्या शहराच्या उत्खननात तिसऱ्या शतकातले असे एक घर सापडले आहे. भिंती पाडून खोली मोठी केलेली, एका कोपऱ्यात बाप्तिस्म्याचा हौद. आज जगभर उंच मनोऱ्यांची चर्चे आहेत खरी, पण या पंथाचे मूळ बैठकीच्या खोलीत आहे. आपल्या मराठीत तर चर्चच्या समाजाला 'मंडळी' असाच शब्द रूढ झाला. घरची मंडळी, पाहुणे मंडळी, तशीच ही मंडळी. शब्दात घरपण आहेच; ते वागण्यात उतरले म्हणजे झाले.

नव्याने आलेल्याचे ऐकणे हाही स्वागताचाच भाग आहे. त्याची एक फार जुनी साक्ष शेजारच्या गोमंतकात मिळते. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट पाद्री फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांची पुराणे-कथा सुटली होती आणि त्या जागी मन रमवणारे काही मिळाले नव्हते. त्यांच्यापैकी एकाने धर्मशिक्षणाच्या वेळी पाद्रींना तसे विचारले, अशी हकिकत 'क्रिस्तपुराणा'तच आली आहे. पाद्रींनी त्याला गप्प बसवले नाही. त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले आणि ते १६१६ साली छापून निघाले. त्या काळच्या गोव्यात धर्मांतरासाठी सत्तेची जबरदस्तीही झाली, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच हा प्रसंग उठून दिसतो. एका माणसाने आपली रुखरुख बोलून दाखवली आणि दुसऱ्याने ती मनावर घेतली.

आगगाडीतला सहप्रवासी

आता आपल्याच जिल्ह्याकडे येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेले. संस्कृताचे पंडित, मराठीचे कवी. त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते एका आगगाडीच्या डब्यात.

१८९३ च्या सुमाराची गोष्ट. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्या काळी गोऱ्या साहेबाच्या शेजारी बसायचे म्हणजे अपमानाची तयारी ठेवूनच बसायचे. पण हा साहेब अदबीने वागला, जागा करून दिली, संस्कृत काव्यावर बोलू लागला. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. एकमेकांचे नाव-गाव विचारायचेही राहून गेले, असे सांगतात. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

ग्रंथ वाचून मन वळले हे खरेच. पण तो ग्रंथ हातात घेण्याइतके मन मोकळे झाले होते, ते त्याआधीच्या गप्पांनी. साहेब तोऱ्यात बसला असता तर ते पुस्तक बाकावरच राहिले असते.

याहून मोठी गोष्ट लक्ष्मीबाईंची. पतीने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. चार-साडेचार वर्षे त्या दूर राहिल्या. पुढे मुलाला घेऊन नगरला आल्या, त्या आपले सोवळे-ओवळे घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी आणि तिथल्या मंडळींनी त्यांना घाई केली नाही. शेजारपाजारच्या बायका येत-जात राहिल्या, दुखल्या-खुपल्याला धावत राहिल्या. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच दिले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली असतील त्यांना ठाऊक आहे की हा सारा प्रवास त्यांनी किती हसत-खेळत, स्वतःचीच थट्टा करीत सांगितला आहे. त्यांचा हात धरून ओढायला कोणी गेले असते, तर त्या बाणेदार बाई नक्की उलट पावली फिरल्या असत्या.

ज्या बाईला असे सावकाश सामावून घेतले गेले, तिचे घर पुढे किती जणांचे झाले! अनाथ मुले, विद्यार्थी, कवी. बालकवी ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहिले, घरच्यासारखे वाढले. ठोमरे हिंदूच राहिले. त्या घराने त्यांना जेवू घातले, त्यांची कविता ऐकली, त्यांचे रुसवे काढले, आणि त्याची किंमत म्हणून काही मागितले नाही. १९१७ साली टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला, त्यातही बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती.

पंडिता रमाबाईंचेही असेच. त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या आणि तिथेच त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या मुक्कामात त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागातले एक घर पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना भगिनी तिथे मायेने सांभाळीत. एवढ्या विदुषीने कितीतरी वादविवाद ऐकले होते. पण त्या घरातल्या वागण्याने आपल्या मनाला हलवले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या. त्यांच्या आश्रमाचे दार उघडे होते, तरी त्या दाराशी वाट पाहत बसल्या नाहीत.

भेट आणि हिशेब

इथवर गोड गोड झाले. आता बोचणारे दोन शब्द.

भेटीमागे हिशेब आला की भेट नासते. "या महिन्यात किती घरे झाली?" असे वहीत मांडून निघालेला माणूस चहा घेतानाही घड्याळ पाहतो. यजमानाला ते कळते. आणि आपल्या समाजात त्यात आणखी एक पीळ आहे. ख्रिस्ती माणूस दाराशी आला की आजही अनेकांच्या मनात पहिली शंका येते: हा धर्म बदलायला तर आला नाही? ही शंका नुसती रागावून जात नाही. ती जाते वर्षानुवर्षे निरपेक्ष येण्या-जाण्याने. ताप उतरला का, हे विचारायला आलेला माणूस ताप उतरल्यावरही येत राहिला, तर शेजारी आपोआप ओळखतात.

दुसरा बोचरा शब्द मंडळीच्या आतलाच. चर्चचे दार सर्वांना उघडे म्हणायचे, आणि कोणाच्या घरी चहाला जायचे ते मात्र आडनाव पाहून ठरवायचे, हे आपल्याकडे घडत आले आहे. जातीची उतरंड अनेक ठिकाणी चर्चमध्येही शिरली. एका बाकावर बसणे त्या मानाने सोपे असते. खरी परीक्षा असते एका ताटात जेवण्याची आणि एकमेकांच्या उंबऱ्याची. ज्या वस्तीत मंडळीतले वडीलधारे कधी पाऊल टाकीत नाहीत, त्या वस्तीतला माणूस पंचवीस वर्षे सभासद असूनही नवखाच राहतो.

ही परीक्षा एकट्या ख्रिस्ती लोकांची नाही, आणि त्याला साक्ष रत्नागिरीच देते. पूल ओलांडून शहरात गेले की पतितपावन मंदिर आहे. भागोजीशेठ कीरांनी बांधलेले हे मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंना खुले झाले. त्या चळवळीचे प्रवर्तक सावरकर धर्मांतराचे कडवे विरोधक. पण मंदिराच्या आधीची त्यांची वाट पाहा. दसऱ्याचे सोने, संक्रांतीचा तिळगूळ हे निमित्त करून अस्पृश्य मानलेल्या वस्तीत जायचे आणि तिथल्या मंडळींना बरोबर घेऊन इतरांच्या घरी जायचे. विचार उत्तर-दक्षिण, तरी दोघांना एकच गोष्ट सापडली. देवळाचे दार उघडण्याआधी घराची दारे उघडावी लागतात.

उंबरठ्याचे चार नियम

जुन्या अनुभवी पाळकांचे आणि वडीलधाऱ्यांचे वागणे पाहिले, तर काही साध्या गोष्टी ध्यानात येतात. त्या चर्चइतक्याच आपल्या सोसायटीला, वाडीला, भजनी मंडळाला लागू आहेत.

पहिली भेट लवकर हवी, पहिल्या आठवड्यातच. नवखेपणाची जखम ओली असते तोवर फुंकर कामाला येते. शक्यतो दोघांनी जावे आणि त्यात एक बाई असावी, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत बोलणे पोचते. आधी कळवून जावे, आणि यजमानीण "बसा ना" म्हणत असतानाच उठावे.

दुसरे, नाव लक्षात ठेवावे, मुलांचेही. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय बराचसा माणसांच्या नावांनी भरलेला आहे. अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण नावे विसरला नाही!

तिसरे, नवख्याला नुसते देऊ नये, त्याच्याकडे काही मागावेही. गळा चांगला असेल तर 'उपासना-संगीता'तली गाणी म्हणायला पुढे बोलवावे, हिशेब येत असेल तर नाताळच्या कार्यक्रमाची वही सोपवावी. ज्याच्यावाचून काही अडते, तोच घरचा होतो.

चौथे सर्वांत अवघड. दुसऱ्यांदा जावे. पहिल्या भेटीत कुतूहल असते, रीत असते. दुसऱ्या भेटीला निमित्त नसते, म्हणून तिचे मोल जास्त. मुंबईतल्या अनेक कॅथलिक चर्चनी आपल्या हद्दीत घरांचे लहान लहान गट केले आहेत. दहा-वीस कुटुंबे आलटून पालटून एकमेकांच्या घरी जमतात. हजारोंच्या गर्दीत हरवलेला माणूस अशा बैठकीत सापडतो. फ्लॅटच्या बंद दारांवर नुसत्या पाट्या वाचीत जिना चढणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून काही घ्यायला हरकत नाही.

पुन्हा भाट्ये

आपले ते कल्पनेतले कुटुंब कुठे राहिले? म्हातारीचा ताप उतरला. श्रावण सरला. निवृत्त शिक्षिका बाई दर पंधरा दिवसांनी येऊ लागल्या. कधी सोबतीला, कधी नुसत्या वाऱ्याला. त्यांच्या आग्रहाने सूनबाई रविवारच्या शाळेत मुलांना गोष्टी सांगू लागल्या. दिवाळीत शेजारच्या हिंदू घरातून फराळाचे ताट आले, नाताळात ते ताट करंज्या आणि केक भरून परत गेले. रिकामे ताट परत करायचे नसते, हा आपल्याकडचा नियम सर्व धर्मांना सारखाच माहीत आहे!

पुढच्या जूनमध्ये रविवारी चर्चमध्ये एक नवे जोडपे दिसले. तरुण, गोंधळलेले, उपासना संपताच घाईने निघून गेलेले. सोमवारी दुपारपासून पाऊस धरला होता. संध्याकाळी सूनबाईंनी डबा भरला आणि छत्री काढली.

"एवढ्या पावसात कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारले.

"पावसाचं काय," कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली, "तो चार महिने आहेच. जा ग बाई. आणि त्या पोरीला विचार, कपडे वाळतात का म्हणावं."